पावती क्रमांक ४१२

एप्रिल उलटला तेव्हा माझ्याकडे सगळं होतं:
पत्रा कापायची कात्री, दोन मोटारी उधारीवर,
वाळ्याची सहा बंडलं,
नंदनवनात रस्त्याकडे तोंड असलेली दहा बाय बाराची खोली,
आणि नाव. नाव तर सगळ्यांच्या आधी.
झुळूक.
गच्चीवर पाठ भाजत पडले असताना सुचलेलं.
नुसतं म्हणा, ओठांना वारा लागतो.

मुंदडाजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे घेतलेलं आहे. झुळूक कूलर्स, हंसापुरी. सन एक्याऐंशी."
चालू आहे?
"नाही."
म्हणजे बंद.
"तसंही नाही. दरवर्षी फी भरतात, शून्याचा कागद देतात.
शून्य खरेदी, शून्य विक्री.
निद्रिस्त म्हणायचं याला. तुम्ही दुसरं सुचवा.
हिमगौरी?"
हिमगौरी!
सेहेचाळीस डिग्रीत ती माझ्या दारावर उभी राहिली
तर पहिल्याच दुपारी नालीतून वाहून जाईल.

स्कूटीवर वाटभर भांडत होते मनात:
बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा
आणि गाडीत चढायचंच नाही,
हा कुठला न्याय?

हंसापुरीच्या गल्लीत शटर सापडलं.
पाटीवरच्या झु चा उकार उन्हानं खाल्लेला.
उरली होती झळ,
आणि पुढे कसाबसा ऊक.

शेषराव हेडाऊ बनियनवर बाहेर आले.
"कोन पायजे?"
मी नाव सांगितलं. माझं नाही, त्यांचं.
म्हणजे जे माझं व्हायचं होतं ते.

"हाव. धंदा सोडून चोवीस वर्स झाले. हात कापते आता."
मग नाव काऊन धरून ठेवलं, काका?

ते बोलले नाहीत. शटर गुडघ्यापर्यंत उचललं,
वाकून आत गेले, बराच वेळ खुडबुड,
आणि कडेवर लेकरू घ्यावं तसा
एक टेबल फॅन घेऊन आले.
पितळी पाती. मानेला सुतळी, सुतळीला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर ४१२.

"पारडीचा ढोमणे. सत्त्यान्नवच्या मे मधी देऊन गेला.
पंधरा रुपये आगाऊ. म्या पावती देल्ली.
पावतीवर नाव हाय, झुळूक.
उद्या थो आला अन् नावच नसन,
तं पंखा कोनाले मागन?"

दुरुस्त झाला होता?
"तिसऱ्याच दिवशी."

पावतीवर खाली लिहिलेलं असतं, मी म्हटलं,
तीस दिवसांनंतर आमची जबाबदारी नाही.
"थे छापखान्यावाल्यानं छापलं," शेषराव म्हणाले.
"म्या नाई."

मग सोपावर बसून त्यांनी पाणी मागवलं,
मला आधी दिलं.
"नाव घेऊन जाय. पैसे नोको.
पन पंखा संगं न्या लागन."

ना-हरकतीच्या कागदावर थरथरती सही केली,
आणि सहीखाली, कुणी सांगितलं नसताना,
दोन शब्द वाढवले: ४१२ सह.
मुंदडाजी अजून विचारतात,
हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर
कुंकवाच्या बोटाखाली पहिली ओळ आहे:
जमा, पंधरा रुपये, ढोमणे, पारडी.
अजून एक कूलर विकला नव्हता
तेव्हापासून मी कुणाचं तरी देणं लागते.

पंखा काउंटरवर असतो. शनिवारी तेल घालते,
पाच मिनिटं फिरवते. आवाज नाही करत.
गिऱ्हाईक हमखास विचारतं, हा कितीला?
विकायचा नाही. गिऱ्हाईकाचा आहे.

काल भर दुपारी एक म्हातारा समोर थांबला.
डोक्याला दुपट्टा, हातात सायकल.
पाटी वाचली. पुन्हा वाचली, अक्षर अक्षर.
खिशात हात घातला.
मी स्टुलावरून उठले.

त्यानं विडी काढली, शिलगावली,
आणि सायकल ढकलत
जगनाडे चौकाकडे निघून गेला.